डिंकात एन्झाइम बांधताना

वनस्पतिजन्य डिंकांवर एन्झाइम बसवण्याविषयीचे शोधनिबंध वाचताना प्रस्तावनेत एक युक्तिवाद हमखास भेटतो : डिंक स्वस्त आहे, बिनविषारी आहे, मातीत सहज कुजतो, म्हणून तो एन्झाइमसाठी उत्तम आधार आहे. पहिल्या तीन विधानांबद्दल माझी तक्रार नाही. चौथे विधान मात्र त्या तिघांमधून निघत नाही. आधार चांगला की वाईट हे तो एन्झाइमशी, सब्स्ट्रेटशी (म्हणजे एन्झाइम ज्या पदार्थावर काम करते त्याच्याशी), बफरशी (सामू स्थिर राखणाऱ्या द्रावणाशी) आणि मापनाच्या पद्धतीशी कसा वागतो यावर ठरते, आणि डिंक या चौघांशीही काही ना काही व्यवहार करत असतो. त्याला निमूट पडून राहणारा पदार्थ समजून आखलेल्या प्रयोगांतून जे आकडे हाती येतात, त्यांत एन्झाइमचा वाटा किती आणि डिंकाचा किती हे पुष्कळदा सांगताच येत नाही. डिंकाला आधार न समजता प्रयोगातला एक अभिक्रियाकारक समजावे, असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे लेखन त्याच मताच्या अनुषंगाने आहे.

इमोबिलायझेशन म्हणजे पाण्यात मोकळे फिरणारे एन्झाइम एखाद्या घन किंवा जेलसारख्या आधारावर बांधून ठेवणे. मोकळे एन्झाइम काम संपल्यावर उत्पादनात मिसळून जाते. ते वेगळे काढणे खर्चाचे असते आणि पुन्हा वापरणे त्याहून कठीण. बांधलेले एन्झाइम गाळून घेता येते, धुऊन पुन्हा वापरता येते, स्तंभात भरून त्यातून द्रावण सतत वाहते ठेवता येते. ही कल्पना जुनी आहे. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांनी इन्व्हर्टेज कोळशावर शोषले गेल्यानंतरही साखरेचे विघटन करत राहते असे दाखवले. त्या निरीक्षणाचा उद्योगात उपयोग व्हायला मात्र अर्धशतक जावे लागले. १९६९ साली जपानच्या तानाबे कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटाने डीईएई-सेफॅडेक्स या धनभारित बहुशर्करेच्या मण्यांवर अमायनोअॅसिलेज हे एन्झाइम बसवून अमिनो आम्लांची एल आणि डी ही आरशातल्या प्रतिमांसारखी रूपे वेगळी करण्याची प्रक्रिया कारखान्यात चालवली. त्या पद्धतीत एन्झाइम केवळ विद्युतभारांच्या आकर्षणाने धरलेले होते. ते थकले की त्याच आधारावर ताजे एन्झाइम चढवता येई. सैल बंध हा तिथे गुण ठरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आज सहसंयोजी बंध म्हटला की तो आपोआप श्रेष्ठ, असे गृहीत धरण्याची सवय पडली आहे.

आता डिंकांकडे वळतो. व्यवहारात आपण ज्यांना सरसकट डिंक म्हणतो त्यांत रसायनाच्या दृष्टीने निदान दोन निराळी कुळे आहेत. पहिले कूळ बियांतून मिळणाऱ्या गॅलॅक्टोमॅननचे : गवार, मेथी, तारा आणि कॅरोब म्हणजे लोकस्ट बीन. या सर्वांचा कणा मॅनोज शर्करेच्या सरळ साखळीचा असतो आणि त्यावर ठिकठिकाणी गॅलॅक्टोजचा एकेक घटक फांदीसारखा लोंबत असतो. या रेणूंवर विद्युतभार नसतो. दुसरे कूळ झाडांच्या सालीतून पाझरणाऱ्या डिंकांचे : अकेशिया वंशाच्या झाडांचा गम अरेबिक, कांडोळाचा कराया, धावड्याचा घाटी, ॲस्ट्रागॅलस झुडपांचा ट्रॅगॅकांथ. यांचे रेणू भलतेच फांद्या फुटलेले असतात आणि त्यांत ग्लुकुरॉनिक किंवा गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाचे घटक असल्यामुळे सामू ४ च्या वर गेला की ते ठळकपणे ऋणभारित असतात. काजूच्या झाडाचा डिंकही याच दुसऱ्या पंगतीतला. चिंचोक्याचा डिंक झायलोग्लुकन असल्यामुळे या दोन्हींत बसत नाही. एका कुळाचा अनुभव दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो, आणि ‘नैसर्गिक डिंक’ या एकाच मथळ्याखाली दोन्ही आणल्यामुळे तो घोटाळा दिसेनासा होतो.

पहिली अडचण अगदी साधी आहे : डिंक पाण्यात विरघळतो किंवा फुगतो. आधार म्हणून वापरायचा पदार्थ द्रावणात विरघळून जात असेल, तर तो आधार कसला? गम अरेबिक तर पाण्यात वजनाने ५० टक्क्यांपर्यंत विरघळतो आणि तरीही द्रावण ओतता येण्याजोगे राहते. गवारीचा डिंक एक टक्का घातला तरी द्रावण कमालीचे घट्ट होते, पण घट्ट होणे म्हणजे जेल होणे नव्हे. त्यामुळे डिंकाचा आधार करायचा तर त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधाव्या लागतात, किंवा दुसऱ्या एखाद्या जेल होणाऱ्या पदार्थात डिंक मिसळावा लागतो. प्रत्यक्षात बहुतेक जण दुसरा मार्ग धरतात आणि समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटमध्ये डिंक मिसळून मणी पाडतात.

हे मणी पाडण्याचे काम दिसायला सोपे असले तरी त्यात हात बसावा लागतो. दोन-तीन टक्के सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात गवारीचा डिंक थोडा थोडा शिंपडत ढवळावा लागतो. एकदम ओतला तर बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि मग त्या कितीही ढवळले तरी फुटत नाहीत. मिश्रण एकजीव झाल्यावर त्यात एन्झाइम मिसळायचे, हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबायचे आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचे. थेंब पृष्ठभागावर आपटतो त्या क्षणी त्याची बाहेरची कड गोठते आणि कॅल्शियम आत शिरत जाईल तसा तो बाहेरून आत घट्ट होत जातो. सुई फार उंच धरली तर थेंब चपटा होतो, फार खाली धरली तर मागे शेपूट राहते. डिंकाचे प्रमाण वाढवले की शेपूट लांबते, कारण घट्ट द्रावणाचा थेंब सुईपासून सुटताना तार धरतो. मण्यांच्या छायाचित्रात शेपटांकडे पाहिले की डिंक किती घातला असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

अशा मण्यात एन्झाइम बांधलेले नसते, अडकलेले असते. जेलची छिद्रे काही नॅनोमीटरपासून शेकडो नॅनोमीटरपर्यंत असू शकतात आणि बहुतेक एन्झाइमे दहा नॅनोमीटरच्या आत मावतात. म्हणून सुमारे १४ हजार डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) लायसोझाइम मण्यातून भराभर बाहेर पडते, तर साडेपाच लाख डाल्टनच्या आसपासचे अबईच्या बियांतील युरिएज बरेच टिकून राहते. गवारीचा डिंक मिसळल्याने गळती कमी होते, कारण त्याच्या लांब साखळ्या अल्जिनेटच्या जाळ्यातील मोकळी जागा व्यापतात. पण गळती कमी होणे आणि थांबणे यांत फरक आहे. पुन्हा पुन्हा वापरताना क्रियाशीलता घटत गेली असे दाखवणारा आलेख पाहिला की मी प्रथम हे शोधतो की प्रत्येक फेरीनंतरच्या धुण्याच्या पाण्यात एन्झाइम तपासले होते का. ते तपासले नसेल तर एन्झाइम मेले की निसटले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि या दोन आजारांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

गॅलॅक्टोमॅननच्या साखळ्या बांधण्याचा आणखी एक सोपा उपाय म्हणजे बोरॅक्स. मॅनोज आणि गॅलॅक्टोज या दोन्ही शर्करांत शेजारच्या दोन कार्बनवरील हायड्रॉक्सिल गट एकाच बाजूला असतात आणि बोरेट आयन अशा जोड्यांना धरून दोन साखळ्या जोडतो. जेल क्षणात होते, विषारी काही वापरावे लागत नाही, सगळे छान वाटते. पण हा बंध उलटणारा आहे : सामू ८ च्या खाली गेला की तो सैल पडतो, तापमान वाढले की तुटतो. त्याहून गमतीचा भाग असा की ज्या एन्झाइमच्या अभिक्रियेत फ्रुक्टोज तयार होते, ते एन्झाइम अशा जेलमध्ये ठेवले तर ते स्वतःच आपले घर मोडते, कारण फ्रुक्टोजला बोरेटची ओढ फार असते आणि ते साखळ्यांमधला बोरेट आपल्याकडे ओढून घेते. म्हणजे इन्व्हर्टेज किंवा ग्लुकोज आयसोमरेजसाठी हा मार्ग मुळातच गैरसोयीचा आहे. एन्झाइम जितके चांगले काम करील तितके जेल लवकर ढिले होईल.

मग सहसंयोजी बंधाकडे यावे लागते, आणि इथे ग्लुटारॲल्डिहाइडची, म्हणजे दोन्ही टोकांना ॲल्डिहाइड गट असलेल्या लहान जोडणाऱ्या रेणूची, चर्चा अपरिहार्य आहे. डिंक-ग्लुटारॲल्डिहाइड आधारांची वर्णने मुबलक आहेत. ग्लुटारॲल्डिहाइडचे ॲल्डिहाइड गट प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटांशी सहज जुळतात. पण डिंकात अमिनो गट जवळजवळ नसतात. असतात ते हायड्रॉक्सिल आणि काही डिंकांत कार्बोक्सिल. हायड्रॉक्सिलशी ॲल्डिहाइडची जोडणी व्हायला आम्ल लागते, आणि तितके आम्ल बहुतेक एन्झाइमे सहन करत नाहीत. म्हणून उदासीन सामूला डिंक, एन्झाइम आणि ग्लुटारॲल्डिहाइड एकत्र केल्यावर मुख्यतः घडते ते असे की एन्झाइमचे रेणू आपापसांतच जोडले जातात आणि त्या गाठी जेलच्या जाळ्यातून बाहेर पडण्याइतक्या लहान राहत नाहीत. परिणाम उपयोगी असू शकतो, पण त्याला डिंकावरील सहसंयोजी बंधन म्हणणे बरोबर नाही. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान मिसळले तर चित्र बदलते, कारण त्यात अमिनो गट भरपूर असतात. शिवाय ऋणभारित गम अरेबिक आणि सौम्य आम्लात धनभारित होणारे कायटोसान परस्परांना आपसूक धरून ठेवतात. अशा वेळी ग्लुटारॲल्डिहाइडऐवजी गार्डेनियाच्या फळांपासून मिळणारे जेनिपिन वापरता येते. मात्र कायटोसान सुमारे ६.५ च्या वरच्या सामूला विरघळत नसल्यामुळे एन्झाइमला काही काळ आम्लात काढावा लागतो, आणि ज्या एन्झाइमला ते मानवत नाही त्याच्यासाठी हा मार्ग बंद.

डिंकाच्या स्वतःच्या रचनेला अनुरूप असा खरा मार्ग पेरायोडेटचा आहे, असे मला वाटते. सोडियम पेरायोडेट शेजारशेजारच्या दोन कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटांमधला कार्बन-कार्बन बंध तोडते आणि त्या जागी दोन ॲल्डिहाइड गट तयार होतात. हे काम एन्झाइम आणण्यापूर्वी, अंधारात आणि थंडीत उरकायचे. उरलेले पेरायोडेट इथिलीन ग्लायकॉल घालून निष्प्रभ करायचे, डायलिसिस करायचे (म्हणजे पातळ पडद्यातून लहान रेणू धुऊन काढायचे), आणि हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडच्या अनुमापनाने ॲल्डिहाइड किती झाले ते मोजायचे. पेरायोडेट जास्त घातले तर ॲल्डिहाइड वाढतात हे खरे, पण प्रत्येक तुटलेल्या कड्यामागे साखळी लवचीक आणि नाजूक होत जाते आणि द्रावणाची विष्यंदिता (घट्टपणा) झपाट्याने उतरते. अर्थात जास्त ॲल्डिहाइड म्हणजे जास्त चांगला आधार हे समीकरण एका मर्यादेनंतर उलटते. मग एन्झाइम घालून इमाइन बंध (ॲल्डिहाइड आणि अमिनो गट यांच्यातला) होऊ द्यायचा आणि शेवटी थोड्या सोडियम बोरोहायड्राइडने तो पक्का करायचा. ही शेवटची पायरी वेळ वाचवण्यासाठी गाळलेली आढळते, आणि तिच्याविना इमाइन हळूहळू पाण्यात सुटत राहतो.

याच टप्प्यावर बफरचा प्रश्न फार त्रास देतो आणि तो पद्धतीच्या वर्णनात एका ओळीत संपवलेला असतो. अल्जिनेटच्या मण्यांना फॉस्फेट आणि सायट्रेट चालत नाहीत, कारण ते कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ पडत पडत विरघळतो. म्हणून लोक ट्रिस वापरतात. पण ट्रिसच्या रेणूत स्वतःचाच प्राथमिक अमिनो गट असतो, त्यामुळे ॲल्डिहाइड असलेल्या डिंकावर एन्झाइम बसवताना ट्रिस वापरले तर लायसिनच्या आधी तेच जागा अडवून बसते, आणि बफर एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी जास्त असल्यामुळे ही स्पर्धा एन्झाइम हरणार हे ठरलेलेच. ॲसिटेट आम्लाकडे बरे, पण लायसिनचा अमिनो गट तिथे प्रोटॉन धरून बसलेला असतो आणि जोडणीला तयार नसतो. अल्जिनेट-डिंक मिश्रणात ॲल्डिहाइडने बांधणी करायची असेल तर हेपीससारखा बफर घेणे मला श्रेयस्कर वाटते, कारण त्याच्यात प्राथमिक अमिनो गटही नाही आणि त्याला कॅल्शियमची ओढही नाही.

पाझरणाऱ्या डिंकांवरील ऋणभाराचा परिणाम आणखी सूक्ष्म असतो. ऋणभारित आधार आपल्याभोवती हायड्रोजन आयन गोळा करतो, त्यामुळे एन्झाइमच्या निकटच्या परिसरातील सामू बाहेरच्या द्रावणापेक्षा कमी असतो. बाहेर सामूमापक ८ दाखवत असताना एन्झाइमला मात्र तो ७ च्या जवळपास भासू शकतो. परिणामी सामू बदलत क्रियाशीलता मोजली तर इष्टतम सामू अल्कधर्मी बाजूकडे सरकलेला दिसतो. गोल्डस्टीन, लेव्हिन आणि काचाल्स्की यांनी १९६४ साली ऋणभारित कृत्रिम बहुवारिकावर ट्रिप्सिन बसवून हे स्पष्टपणे दाखवले, आणि त्याबरोबर हेही दाखवले की द्रावणात क्षारांचे प्रमाण वाढवले की हा फरक मावळतो. गम अरेबिक किंवा करायावर बसवलेल्या एन्झाइमचा इष्टतम सामू सरकला की त्याचा अर्थ पुष्कळदा ‘एन्झाइमच्या रचनेत अनुकूल बदल झाला’ असा लावला जातो. तसे झालेही असेल. पण आधी बफरमध्ये मीठ वाढवून तोच प्रयोग पुन्हा करावा. सरकलेला सामू जागेवर परत आला, तर बदल एन्झाइमच्या रचनेत नसून त्याच्या शेजारात होता.

हाच भार निवडीलाही उपयोगी पडतो. ट्रिप्सिन, पपेन, लायसोझाइम यांचा समविद्युत बिंदू (ज्या सामूला रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो) अल्कधर्मी बाजूला असल्यामुळे उदासीन सामूला ती धनभारित असतात आणि ऋणभारित डिंकाला आपणहून चिकटतात. ॲस्परजिलसचे ग्लुकोज ऑक्सिडेज चारच्या थोडे वर असलेल्या समविद्युत बिंदूमुळे त्याच परिस्थितीत डिंकापासून दूर राहते. म्हणजे एकाच डिंकावर पहिले उत्तम बसले आणि दुसरे बसले नाही, यात डिंकाच्या गुणवत्तेचा काही संबंध नाही. करायाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : त्याच्या साखळ्यांवर ॲसिटिल गट असतात आणि साठवणुकीत, विशेषतः दमट हवेत, त्यांतून ॲसेटिक आम्ल सुटते. डबा उघडताच येणारा शिरक्याचा वास तोच. दुबळा बफर घेतला तर हे आम्ल सामू खाली ओढते, आणि दोष येतो एन्झाइमच्या माथी.

मण्याचा आकार हा तर स्वतंत्र विषय व्हावा. सब्स्ट्रेटला मण्याच्या पृष्ठभागापासून आत झिरपत जावे लागते, आणि त्यासाठी लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या निम्मी केली की तो वेळ एक चतुर्थांश होतो. तीन मिलिमीटरच्या मण्यात जर एन्झाइम भरपूर कोंबले असेल तर सगळा सब्स्ट्रेट बाहेरच्या थरातच संपतो आणि केंद्रातील एन्झाइम बेकार बसून राहते. यातून एक फसवा निष्कर्ष निघतो. गरम करून किंवा वारंवार वापरून बाहेरच्या थरातील एन्झाइम मेले की सब्स्ट्रेट थोडा आणखी आत जातो आणि आजवर बेकार असलेले एन्झाइम कामाला लागते. एकूण क्रियाशीलता जवळपास तितकीच राहते आणि आलेख सपाट दिसतो. त्या सपाट आलेखाला स्थैर्य म्हटले जाते, वास्तविक तो राखीव साठा असतो. याची परीक्षा अवघड नाही : मणी चिरडून किंवा निम्म्या आकाराचे मणी करून तेच मापन करावे. क्रियाशीलता लक्षणीय वाढली तर झिरपण्याचा अडथळा होता हे उघड आहे. स्टार्चसारखा मोठा सब्स्ट्रेट असेल तर तो अशा जेलमध्ये जेमतेम शिरतो, त्यामुळे अमायलेजला डिंकाच्या मण्यात कोंडण्यामागचा हेतू मला कधीच नीट उमगलेला नाही. युरिया, सुक्रोज, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखे लहान रेणू असतील तर मात्र मणी शोभून दिसतात.

आता मापनातला डिंकाचा हस्तक्षेप. गम अरेबिकमध्ये ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही एन्झाइमे मुळातच असतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पुस्तकांत त्या डिंकाची ओळख पटवण्याची एक चाचणीच या गुणावर आधारलेली आहे. अशा डिंकावर पेरॉक्सिडेज बसवून ग्वायाकॉलपासून पेरॉक्सिडेज तयार करते तो रंग मोजला तर त्यातला काही रंग डिंकाने स्वतः आणलेला असू शकतो. उपाय म्हणजे डिंकाचे द्रावण आधी पुरेसे तापवून घेणे आणि तरीही बिनएन्झाइमचा डिंक ब्लँक म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, चालवणे. दुसरे उदाहरण डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धतीचे. अपचायक शर्करा मोजणारा हा अभिकर्मक ॲल्डिहाइडला ओळखतो, आणि पेरायोडेटने ऑक्सिडीकरण झालेल्या डिंकावर ॲल्डिहाइड गट तर आपणच तयार केलेले असतात. अशा आधारावर बसवलेल्या इन्व्हर्टेजची क्रियाशीलता डीएनएसने मोजली तर आधारही त्यात आपली भर घालतो. बोरोहायड्राइडची पायरी केलेली असेल तर उरलेले ॲल्डिहाइड हायड्रॉक्सिलमध्ये बदलतात आणि ही भेसळही जाते. एका पायरीने दोन कामे होतात, म्हणून ती गाळू नये. तिसरी अडचण प्रथिनमापनाची. गम अरेबिकमध्ये सुमारे दोन टक्के प्रथिन असते, बाजारातील गवारीच्या डिंकातही काही टक्के असते, आणि एन्झाइम किती बसले हे वर उरलेल्या द्रावणातील प्रथिनावरून वजाबाकीने काढायचे तर डिंकातून बाहेर आलेले प्रथिन ती वजाबाकी बिघडवते.

शेल्डन आणि व्हॅन पेल्ट यांनी २०१३ साली एका आढाव्यात तीन आकडे वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला, तो इथे फार उपयोगी आहे : घातलेल्या क्रियाशीलतेपैकी किती आधारावर गेली, आधारावर गेलेल्यापैकी किती प्रत्यक्ष दिसते, आणि घातलेल्यापैकी किती दिसते. पहिला आकडा ९० टक्के आणि दुसरा २० टक्के असू शकतो, आणि पहिलाच छापला तर वाचकाची दिशाभूल होते. पहिला आकडाही तपासून घ्यावा लागतो, कारण बांधणीच्या काळात द्रावणातले एन्झाइम तसेच मेले असेल तर तेही ‘आधारावर गेले’ या खात्यात जमा होते. आधाराविना तितकाच वेळ ठेवलेले एन्झाइम सोबत मोजले की हा संशय फिटतो.

डिंक हे खाद्य आहे, ही बाजूही विसरून चालत नाही. गॅलॅक्टोमॅननला मॅननेज तोडते, चिंचोक्याच्या झायलोग्लुकनला सेल्युलेज तोडते, आणि बुरशीपासून मिळवलेल्या कच्च्या एन्झाइम-मिश्रणांत मुख्य एन्झाइमबरोबर ही मंडळी बऱ्याचदा हजर असतात. कच्चे सेल्युलेज गवारीच्या मण्यात घातले आणि मणी काही दिवसांत मऊ झाले, तर त्यात आश्चर्य नाही. सूक्ष्मजीवांचेही तेच. ते वाढू नयेत म्हणून साठवणीच्या बफरमध्ये सोडियम ॲझाइड घालण्याची पद्धत आहे, पण कॅटलेज आणि पेरॉक्सिडेजच्या हीमला आणि लॅकेजच्या तांब्याला ॲझाइड धरून बसते, त्यामुळे या एन्झाइमांच्या साठवण-स्थैर्याच्या प्रयोगात ते घातले की निकालच बिघडतो.

यांत्रिक ताकदीबद्दल थोडक्यात : डिंकाचे मऊ मणी उंच स्तंभात स्वतःच्या आणि द्रावणाच्या दाबाने चेपतात, आणि जोराने ढवळले की झिजतात. कापा-कॅरागीनन पोटॅशियमने गोठते आणि तानाबे कंपनीने पुढे १९७८ च्या सुमारास ॲस्पार्टिक आम्लासाठी जिवाणूंच्या पेशी त्यातच अडकवल्या. त्या ठिसूळ जेलमध्ये लोकस्ट बीनचा डिंक मिसळला की ते चिवट होते. गवारीच्या डिंकाने तो परिणाम तितकासा साधत नाही, कारण त्याच्या कण्यावर गॅलॅक्टोज दाट असल्याने जवळ येऊन जुळायला मोकळे पट्टे कमी उरतात.

एवढ्या तक्रारी मांडल्यावर डिंक कुठे खरोखर उपयोगी वाटतो हेही सांगायला हवे. मला सर्वांत आश्वासक वाटतो तो ॲल्डिहाइडयुक्त डिंकाचा, मणी न करता, क्रॉसलिंकर (रेणू परस्परांना जोडणारा पदार्थ) म्हणून होणारा वापर. एन्झाइमचा साका (द्रावणातून खाली बसणारा अवक्षेप) करून त्याचे रेणू परस्परांना जोडण्याच्या पद्धतीत ग्लुटारॲल्डिहाइड इतके लहान असते की ते काही एन्झाइमांच्या सक्रिय स्थानात शिरून तिथल्याच लायसिनला धरते आणि एन्झाइम मारते. ॲल्डिहाइडयुक्त डेक्स्ट्रानसारखा मोठा रेणू तिथे शिरू शकत नाही, तो बाहेरूनच बांधतो, हे नायट्रिलेजवर दाखवले गेले आहे. गम अरेबिक पाण्यात भरपूर विरघळतो, त्याचे द्रावण पातळ राहते आणि त्याचा रेणू गोळीबंद असतो. ज्या गुणांमुळे तो मण्यांसाठी गैरसोयीचा, त्याच गुणांमुळे तो या कामाला योग्य ठरावा. गम अरेबिकचे आवरण दिलेले लोह-ऑक्साइडचे चुंबकीय कणही असेच : झिरपण्याचा अडथळा जवळजवळ नाही, आणि गाळण्याऐवजी चुंबक लावला की काम होते.

आणि एक प्रयोग कोणीतरी नीटपणे करावा असे मनापासून वाटते. मेथीच्या गॅलॅक्टोमॅननमध्ये मॅनोज आणि गॅलॅक्टोजचे प्रमाण साधारण १:१, गवारीत २:१, तारामध्ये ३:१ आणि लोकस्ट बीनमध्ये ४:१ असते. कणा तोच, फक्त फांद्या विरळ होत जातात. अशी आयती मालिका कृत्रिम बहुवारिकांत बनवायची म्हटली तर बराच खटाटोप करावा लागेल. गॅलॅक्टोज ऑक्सिडेज हे एन्झाइम गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवर ॲल्डिहाइड तयार करते आणि कड्याला किंवा कण्याला धक्का लावत नाही, त्यामुळे पेरायोडेटने होणारी मोडतोड टळते. चारही डिंकांवर ही प्रक्रिया करून, ॲल्डिहाइड मोजून, त्यांवर एकच शुद्ध एन्झाइम बसवले तर बांधणीच्या बिंदूंची दाटी आणि एन्झाइमचे स्थैर्य यांचा संबंध डिंकाच्याच भाषेत वाचता येईल. त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतील : या अभिक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असल्याने सोबत कॅटलेज घालावे लागेल आणि नंतर दोन्ही एन्झाइमे काढून टाकावी लागतील, आणि लोकस्ट बीनचा डिंक ८० अंश सेल्सियसच्या आसपास तापवल्याशिवाय पूर्ण विरघळत नसल्यामुळे, तुलना न्याय्य राहावी म्हणून, बाकीचे तीनही तितकेच तापवून मग थंड करून घ्यावे लागतील.